आबांचा उजवा हात

आबांचा जुना ट्रक आम्ही पुन्हा रस्त्यावर आणतोय. एसी छतावर बसवायचा की डॅशबोर्डखाली, एवढंच ठरायचं होतं.

धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, एसी कशाला? मूळ रूप जाईल. लोक हसतील."

"हसू देत. आबांना घाट चढायचाय आणि डॉक्टरांनी ऊन बंद केलंय."

तेवढ्यात आबांनी चहाचा कप उचलला. त्यांचा उजवा हात अजूनही डाव्यापेक्षा काळा आहे. जन्मभर ट्रकच्या खिडकीत भाजलेला. जुनं जपायचं म्हणजे त्यातला जाचही जपायचा का?

छत कापायला नको म्हणून मी गॅरेजवाल्याला डॅशबोर्डखालचा एसी सांगून टाकला. ज्यांना मूळ रूप बघायचंय, त्यांनी आबांचा हात बघावा.