हजेरी लावून ये

फोन आला तेव्हा मी युनिव्हर्सिटीत, आमच्या डिपार्टमेंटच्या ऑफिसात सही करत होते. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी गाइडला प्रत्यक्ष भेटायचं आणि मग ऑफिसातल्या यादीवर आपल्या नावापुढे सही करायची, हा माझ्या व्हिसाचा नेम. त्या दिवशी आधी सही उरकून घ्यावी म्हणून सरळ ऑफिसातच गेले होते. नावाची पहिली दोन अक्षरं लिहून झाली होती आणि खिशात फोन थरथरला. हॉस्पिटलचा नंबर. वॉर्डमधल्या नर्सने आधी विचारलं, "तुझ्यासोबत कुणी आहे का?" त्यातच सगळं कळलं. सुमनकाकू गेल्या होत्या. मी त्यांच्या उशाशी बसले होते, तिथून उठून दीड तास झाला होता. सांगायला लाज वाटते, पण सांगते... फोन ठेवल्यावर मी आधी सही पूर्ण केली.

याला आता पाच आठवडे झाले. काकू माझ्या नात्यागोत्याच्या कुणी नव्हत्या. नॉटिंगहॅममधल्या त्यांच्या घरातली मागची छोटी खोली मी भाड्याने घेतली होती, एवढाच कागदोपत्री संबंध. मूळच्या मिरजेच्या, लग्न होऊन इथे आल्या, हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात नोकरी करून रिटायर झाल्या, काका जाऊनही बरीच वर्षं झाली होती. पोस्टमनला अस्सल इथल्या बायकांसारखं लाडाने 'डक', म्हणजे 'बाळा', म्हणून हाक मारायच्या आणि लगेच मागे वळून मला म्हणायच्या, "अगं, कढी उतू चाललीय, बघतेस काय!" पहिल्यांदा भेटल्या त्या मराठी मंडळाच्या गणपतीत, पातेलंभर मसालेभात ढवळताना. माझी नोकरी नुकतीच गेली होती आणि चेहऱ्यावर ते लिहिलेलं असावं. भाताचा डाव माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "आधी हे ढवळ. मग रड."

त्या नोकरीचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी नागपूरहून इथे मास्टर्सला आले आणि नंतर कामाच्या व्हिसावर राहिले. त्या व्हिसावर सलग पाच वर्षं काढली की कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो. मला पाचेक महिने कमी पडत होते आणि कंपनीने आमचा अख्खा विभागच बंद केला. पाच वर्षांची वाट तिथेच खुंटली. उरली होती दुसरी, लांबची वाट: कुठल्याही कायदेशीर व्हिसावर, खंड न पडता, एकूण दहा वर्षं. शिकत असल्याची वर्षंही तीत धरतात. म्हणून मी पीएचडीला नाव घातलं. विषयाची आवड नव्हती असं नाही, पण खरं बोलायचं तर आवडीपेक्षा भीती मोठी होती. विद्यार्थ्याच्या व्हिसाची अट एकच आणि कडक: अभ्यास पूर्णवेळ हवा. गैरहजेरी वाढली, अभ्यास अर्ध्यावर आणला, मध्येच थांबवला, की युनिव्हर्सिटी वर कळवणार, व्हिसा आटोपणार आणि दहा वर्षांची माळ तुटणार. काकूंना हे समजावताना माझी दमछाक व्हायची. "आमच्या वेळी एकदा शिक्का मारला आणि विसरले," त्या म्हणायच्या. "तुझं सगळंच मेलं दुधाच्या बाटलीसारखं. जिथे बघावं तिथे तारीख!"

मी मुळातच काळजीखोर. कुणी 'सहज फोन केला' म्हटलं तरी मी आधी विचारते, 'काय झालं?' त्यात या तारखांनी भर घातली. देशाबाहेर किती दिवस काढले ते मी वहीत लिहायचे आणि दर आठवड्याला पुन्हा मोजायचे, जणू मी झोपेत कुठे जाऊन येत होते! काकूंनी एकदा ती वही हातातून ओढून घेतली आणि म्हणाल्या, "ज्या देशात राहायचं म्हणून एवढी मरतेस, तो देश तरी बघ." त्याच शनिवारी आम्ही बसने स्केग्नेसला समुद्र बघायला गेलो. वारा असा की उभं राहवेना. एका बाकावर एकमेकींना चिकटून बसून थालीपीठ खाल्लं. काकू लाटा बघत होत्या आणि मी फोनमध्ये बघत होते, ऑफिसकडून काही मेल आलीय का. शनिवार होता, ऑफिस बंद होतं, तरी बघत होते.

पीएचडी सुरू झाली तेव्हा व्हिसा बदलण्याचा माझा अर्ज आत होता. क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात जाऊन बोटांचे ठसे देऊन आले होते आणि निकालाकडे डोळे लावून बसले होते. त्याच आठवड्यांत नागपूरला बाबा गेले... हार्ट अटॅक. अर्ज आत असताना देश सोडला तर अर्ज आपोआप रद्द होतो. आईच फोनवर म्हणाली, "तू येऊ नकोस. बाबांना ते आवडलं नसतं." मी जमिनीवर बसून राहिले. काकूंनी देवघरावर पडदा ओढला आणि म्हणाल्या, "तुला दहा दिवसांचं सुतक. कुठे जायचं नाही, काही करायचं नाही. मी आहे." मला सुतक धरायची सवय नव्हती. पण बाबांसाठी करता येण्यासारखं एवढं एकच उरलं होतं, म्हणून मी ते अगदी घट्ट धरलं. दहा दिवस घराबाहेर पडले नाही, लॅपटॉप उघडला नाही. काकू साधा वरणभात पुढे ठेवायच्या आणि समोर बसून मिरजेतल्या स्वतःच्या वडिलांच्या गोष्टी सांगायच्या. ते दहा दिवस आमच्या दोघींच्याही डोक्यात युनिव्हर्सिटी एकदासुद्धा आली नाही.

अकराव्या दिवशी न्हाऊन लॅपटॉप उघडला. चार मेल होत्या. पहिलीत विचारपूस, दुसरीत आठवण, तिसरीत इशारा. चौथीत लिहिलं होतं की आज संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर तुम्ही गैरहजर असल्याचं व्हिसाच्या खात्याला कळवावं लागेल. मी काकूंना वाचून दाखवलं. काकूंनी निळी रेशमी साडी नेसली, वरून हिवाळी कोट चढवला, पायात बूट घातले आणि मला घेऊन ट्रामने निघाल्या. ऑफिसातल्या तरुण मुलीसमोर काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, "हर फादर डाइड. टेन डेज वी डोण्ट गो आउट. नॉट हॉलिडे. लाइक आयसोलेशन वॉर्ड, यू अंडरस्टँड?" त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने एकपानी फॉर्म काढला, माझी सही घेतली आणि दहा दिवसांची रजा मंजूर केली. पाच मिनिटं लागली. निघताना ती म्हणाली, "तुम्ही फक्त विचारायला हवं होतं."

परतीच्या ट्राममधून उतरलो. घराजवळ आल्यावर काकू म्हणाल्या, "चूक माझी. माझे सासरे गेले तेव्हा मी स्वतः हॉस्पिटलात रजेचा फॉर्म भरला होता. तुझ्या वेळी कसं नाही सुचलं?" मी म्हटलं, "काकू, मलाही नाही सुचलं." सुतकाची कुणी रजा मागतं का! आणि सुचलं असतं तरी मी मागितली नसती, हे मनातलं मात्र बोलले नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात; माझ्यासारखी माणसं त्यात सगळीच ऑफिसं धरतात. विचारायला गेलं की समोरच्याला 'नाही' म्हणायचं सुचतं, आपलं नाव त्याच्या लक्षात राहतं... आपण यादीत एक नाव होऊन राहावं, सही करावी, निघावं.

त्या दिवसापासून काकूंनी माझी हजेरी स्वतःच्या अंगावर घेतली. फोनमध्ये अलार्म कसा लावायचा ते माझ्याकडून शिकून घेतलं आणि दुसऱ्या मंगळवारी सकाळी त्यांचा फोन स्वयंपाकघरात कोंबड्यासारखा आरवायला लागला. मी दारात बूट घालत असताना आतून प्रश्न यायचा, "हजेरी?" "लावते." "लावून ये." जवळजवळ चार वर्षं हे चाललं. त्यांच्या मुलाला, निखिलला, याची फार गंमत वाटायची. तो इथेच जन्मला, ब्रिस्टलला नोकरी करतो. मला म्हणायचा, "आईने माझा होमवर्क कधी असं चेक नव्हता केला, यार!"

गेल्या हिवाळ्यात काकूंना धाप लागायला लागली. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले. छातीत पाणी साठायचं, चार पावलांवर बसावं लागायचं. निखिल दर शनिवार-रविवार यायचा, मधले पाच दिवस मी. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या इंग्लिश मुलीने तिच्या बाळासाठी अभ्यास पार्ट-टाइम करून घेतला, एका फॉर्मवर. मी त्या रात्री जेवणही न करता नियमांची पानं वाचत बसले. माझ्या व्हिसावर ते चालणार नव्हतं. याला विचारण्यासारखं काही नव्हतंच, स्पष्ट लिहिलेलं होतं. दहा वर्षं पुरी व्हायला काही महिने उरले होते. काकूंना मी काही बोलले नव्हते, पण त्यांनी माझं तोंड वाचलं. "माझ्यासाठी अभ्यास अर्धा करशील तर याद राख," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तुझ्या बाबांच्या वेळी एकदा घोळ घातलाय मी. पुन्हा नाही."

जाण्याच्या आदल्या महिन्यात त्यांना अचानक ॲडमिट करावं लागलं आणि नेमका तो दुसरा मंगळवार होता. माझी भेट चुकली. दुसऱ्या दिवशी मी मेल लिहिली, पण 'पर्सनल कारणामुळे' एवढंच. कारण फॉर्मवरच्या यादीत आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा होते, घरमालकीण नव्हती. उत्तरादाखल एक छापील ताकीद आली. मग पुढच्या महिन्यातला दुसरा मंगळवार उजाडला. पहाटेपासून मी काकूंजवळ होते. निखिल ब्रिस्टलहून निघाला होता. नर्स म्हणाली होती, एखाद-दुसरा दिवस असेल... काकूंनी डोळे उघडले, ऑक्सिजनचा मास्क बोटाने जरासा सरकवला आणि विचारलं, "आज मंगळवार ना?" मी खोटं बोलायला हवं होतं. मी मान डोलावली. "जा. हजेरी लावून ये." मी म्हटलं, "काकू, आज राहू दे." त्या हसल्यासारख्या झाल्या. "जा गं. मी कुठे जातेय?"

आणि मी गेले. त्यांनी पाठवलं म्हणून गेले, असं सगळ्यांना सांगते. पण ट्राममध्ये बसल्यावर मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं, कारण दुसरी गैरहजेरी टळणार होती. ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदा लिहितेय.

ऑफिसात तो फोन आला, मी सही पूर्ण केली आणि भिंतीला टेकून उभी राहिले. माझी गाइड हेलन कॉरिडॉरमधून येत होती. तिने मला धरून खुर्चीवर बसवलं, सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग तू आज इथे का आलीस? मला फोन करायचास. आपण व्हिडिओवर दोन मिनिटं बोललो असतो. सहीचं मी बघितलं असतं." ती प्रेमानेच म्हणाली. पण ट्रामचा सगळा रस्ता मला तीच काउंटरवरची मुलगी आठवत राहिली. एकदा न विचारता घरात बसले, एकदा न विचारता काकूंजवळून उठले. चूक तीच. फक्त या वेळी पाच मिनिटांत दुरुस्त करून देणारं कुणी नव्हतं, आणि निळी साडी नेसून माझ्यासोबत येणाऱ्या काकू पांढऱ्या चादरीखाली होत्या.

सुतक निखिलला लागलं, मला लागत नाही. तरी मी त्या रात्री ऑफिसला मेल लिहिली. या देशात इतकी वर्षं काढून पहिल्यांदा काहीतरी मागितलं. लिहिलं की काकू माझ्या नात्यातल्या नव्हत्या, तुमच्या फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी रकाना नाही, पण मला दहा दिवस हवे आहेत. सकाळी ऑफिस उघडताच उत्तर आलं: नक्की घे, सांभाळून राहा. ते वाचून मी जशी रडले, तशी काकू गेल्यावरही रडले नव्हते. दहा दिवस मी निखिलसोबत घरात बसले. सुतकात काय करतात ते त्याला माहीत नव्हतं. मी वरणभात लावत होते आणि त्याच्या आजोबांच्या मिरजेतल्या गोष्टी त्याला सांगत होते. जाताना तो म्हणाला, "घर मी आत्ता सेल नाही करणार. तू राह. आणि आईचा फोन इथेच राहू दे, चार्जिंगला. मला बंद करायला... आय काण्ट."

माझी दहा वर्षं पुढच्या महिन्यात पुरी होतील. मग अर्ज, मग पुन्हा वाट बघणं. मिळेल की नाही ठाऊक नाही; जीव टांगणीला लागलेलाच आहे. या मंगळवारी सकाळी मी दारात बूट घालत होते आणि आत स्वयंपाकघरात काकूंचा फोन आरवला. मी एका पायात बूट घालून तशीच आत धावले. स्क्रीनवर त्यांनी स्वतः टाइप केलेलं होतं: 'मृणाल हजेरी'. अलार्म बंद करावा म्हणून आतली सेटिंग उघडली. दर महिन्याचा दुसरा मंगळवार. खाली शेवटची तारीख विचारलेली होती. माझ्या व्हिसावर ती आहे, ओळखपत्रावर आहे, लायब्ररीच्या कार्डावरसुद्धा आहे. काकूंनी तिथे 'कधीच नाही' निवडलं होतं.

मी फक्त आवाज थांबवला, फोन पुन्हा चार्जिंगला लावला आणि दारातून आतल्या दिशेने म्हटलं, "लावून येते, काकू."