ही भाकरी कोणी केली?

माझ्या आईला त्यांनी काचेच्या खोलीत एकटीला बसवलं. समोर टॅब्लेट. वर कॅमेरा. बाहेर आम्ही ऑफिसमधले सगळे, हातात कॉफी, आत बघत.

आईने टॅब्लेटला बोट लावलं नाही. आधी मागे वळून बघितलं. तिच्या भाकरीच्या गटातली शेवंताकाकी काचेबाहेर माझ्या शेजारी उभी होती. आईने तिला मानेनेच विचारलं, हे काय?

"नो, नो," आमचे सर माइकवर म्हणाले. "आंटी, किसी को पूछना नहीं. अकेले करना है." मग माझ्याकडे माइक धरला. "ट्रान्सलेट कर."

मी म्हटलं, "आई, कुणाला विचारू नको. एकटीने कर."

माझा आवाज आतल्या स्पीकरमधून आला. आई छताकडे बघत राहिली. कुणीतरी हसलं.

"तुजे आईची परीक्षा घेतान काय गो?" काकी पुटपुटली. "कॉपी पन नाय करू देत!"

आमचं गाव खाडीकाठचं. ऑफिस जवळच्याच नव्या वस्तीत, एव्हरशाईन सिटीत. गावातल्या बायका इथल्या सोसायट्यांना तांदळाच्या भाकऱ्या पुरवतात. अशा गटांसाठी आमची कंपनी एक सिस्टम बनवत होती. मिळून काम करणाऱ्यांसाठी. मी तिथली सगळ्यात ज्युनियर डिझायनर. बायकांना मीच घेऊन आले होते.

त्यांचं काम मी लहानपणापासून बघते. एक उकड काढते, एक मळते, एक थापते, एक तव्याशी. पण हे नुसतं सांगण्यापुरतं. कुणाचा हात भाजतो, कुणाचं पोर उठतं, कुणाचं मन थाऱ्यावर नसतं. लगेच जागा बदलतात. कुणी कुणाला सांगत नाही. आईला तर ठरलेली जागाच नाही. जिथे हात कमी पडेल तिथे ती सरकते.

टॅब्लेटवर एका भाकरीचं चित्र होतं. खाली सगळ्या बायकांचे फोटो. ही भाकरी कोणी केली? एक नाव निवडा.

आईने काकीच्या फोटोवर बोट ठेवलं. मग दुसरीच्या. मग तिसरीच्या. नवीन फोटो दाबला की आधीचा पुसला जायचा. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. ती परत पहिल्यापासून दाबत गेली. सावकाश. एकीलाही न वगळता.

"शी इज स्टक इन अ लूप," सर म्हणाले.

सगळे हसले. काकीला इंग्रजी येत नाही. हसणं मात्र कळतं. ती कोपऱ्यात जाऊन बसली.

मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे पहिल्या वर्षापासून एक गोष्ट अंगात भिनवली. उत्तर डाव्या हाताने झाकून लिहायचं. शेजारचीला दिसलं तर ते पाप. त्या काचेबाहेर उभे असलेले आम्ही ऑफिसमधले सगळे तसेच वाढलेलो. मिळून काम करण्याची सिस्टम आम्ही बनवत होतो, आणि आमचा पहिला नियम होता, एकमेकींना विचारायचं नाही.

दुपारी मीटिंग. मोठ्या पडद्यावर बायकांची नावं. प्रत्येकीपुढे तिचं काम, आईच्या नावापुढे नुसता राखाडी ठिपका.

"ही बाई नक्की करते काय?" सर म्हणाले. "हिला रोलच नाही. रिमूव्ह हर. ॲक्सेस तुझ्याकडे आहे ना? तूच कर."

पुढच्या ऑर्डरी सिस्टममधूनच येणार होत्या. इथून नाव गेलं की आई गटातून गेली.

मी मीटिंगमध्ये कधी बोलत नाही. तेव्हा बोलले.

"मी काढणार नाही, सर. भाकरी सगळ्यांनी केली, म्हणून तिने सगळ्यांना दाबलं."

"तुझी मदर आहे म्हणून इमोशनल होतेयस."

"दुसऱ्या कुणाची असती तरी काढलं नसतं."

सर हसले. "तुम्हा लोकांना चान्स दिला की हे असं होतं."

तुम्हा लोकांना. मी चांगलं इंग्रजी बोलत होते तोवर त्यांच्यातली होते.

संध्याकाळी दुसऱ्या कुणीतरी नाव काढायचं बटण दाबलं.

"माजा फोटो नाय दिसत गो," काकीच्या फोनवर आलेली सिस्टम बघत आई मला म्हणाली. मी तिला खरं ते सांगितलं. तरी दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली.

काल मीही गेले होते. काकीने थापलेल्या भाकऱ्या वेगळ्या टोपलीत ठेवल्या. आजवर टोपली एकच असायची. फोन विचारतो ना, कोणी केली. तव्याशी एकीचा हात भाजला. आई सरकली नाही. बसल्या जागेवरून बघत राहिली.

ते बघितल्यावर माझ्यात काही उरलं असेल तर तो राग.

मी नोकरी सोडणार नाही. सोडली तर ते त्यांना सोयीचंच आहे. रविवारी बायका जमतात, तिथे मी बसणार आहे. काचेबाहेर नाही, चुलीपाशी. फोनने काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, ते त्या ठरवतील. मी तसंच बनवीन. सरांनी घेतलं नाही तर त्यांच्याशिवाय बनवीन. आणि ‘ही भाकरी कोणी केली?’ हा प्रश्न आधी पुसणार आहे. परवानगी मागायची झाली तर बायकांकडे मागेन. सरांकडे नाही.