गेटावरचे दोन भाऊ

शर्टाच्या कारखान्यात ती बाह्या लावायची, म्हणून सगळे तिला बाहीवाली म्हणत. वय जेमतेम एकोणीस, पण हात असा चालायचा की सुपरवायझरबाईसुद्धा तिला बोलायच्या आधी विचार करत. शेजारच्या मशीनवर कॉलरवाली. ती कालव्यापलीकडची. बोली वेगळी, रंग वेगळा, देवही वेगळा. घरी कळलं असतं तर आईने डोळे वटारले असते, पण जेवणाच्या सुट्टीत दोघी एकाच डब्यातून खायच्या.

सुटायच्या वेळी गेटावर दोन महाशय हजर. एक बाहीवालीचा दादा, दुसरा कॉलरवालीचा भाऊ. कामधंद्याच्या नावाने दोघांचाही शंख. दोघांना घरून एकच कामगिरी दिलेली: बहिणीवर लक्ष ठेव, त्या काठाचं कुणी तिच्या मागे लागायला नको. आणि हे रक्षणकर्ते काय करायचे? दादा कॉलरवाली दिसली की केस सारखे करायचा, आणि कॉलरवालीचा भाऊ बाहीवाली दिसली की. आपल्या बहिणीवर पहारा, दुसऱ्याच्या बहिणीवर डोळा, तोही एकाच गेटावर उभं राहून. काय म्हणावं या अकलेला!

दादा काय चीज आहे हे बाहीवालीला पक्कं ठाऊक होतं. पलीकडच्या पोरी फिरायला बऱ्या, घरात आणायला नकोत, असं मित्रांना सांगताना तिने त्याला स्वतः ऐकलं होतं. कॉलरवालीला तिने ते सांगून टाकलं. ती हसली, दोरा तोडला आणि पुढचा शर्ट घेतला.

कॉलरवालीच्या भावाने मात्र बाहीवालीच्या मनात घर केलं होतं, खोटं कशाला बोला. कॉलरवाली सांगून थकली, बाई गं, भुलू नकोस, घरात बघ त्याला एकदा. पण ऐकतंय कोण! दादा तापाने घरी पडला त्या संध्याकाळी तो कालव्यावरच्या पुलापर्यंत तिच्यासोबत चालला. माणसं सगळी सारखीच, म्हणाला. हे आपले-परके म्हणजे म्हाताऱ्यांची खुळं. आईला मी समजावतो, तू काळजी करू नकोस. बाहीवाली पार विरघळली. मग अगदी सहज तिने विचारलं,

"आणि तुझ्या बहिणीला आमच्यातला कुणी आवडला तर?"

"तंगडं तोडीन त्याचं," तो म्हणाला. "तिचंही."

क्षणभराचाही विचार नाही. आपण काय बोललो याचा पत्ताही नाही, लगेच रविवारी कुठे भेटायचं ते विचारायला लागला. तिला रडू आलं नाही, किळस आली. हुबेहूब दादा! भांग तेवढा दुसऱ्या बाजूला. ती तडक घरी आली.

पण ते चालणं कुणीतरी दादाच्या कानावर घातलंच. दुसऱ्या दिवशी गेटावर दोन्ही शूरवीरांची जुंपली. माझ्या बहिणीकडे बघतोस, असं दोघेही ओरडत होते आणि दोघेही खरंच बोलत होते. त्यावर दोन्ही घरांत एकच निवाडा झाला. पोरगा आहे, रक्त गरम, चालायचंच. आणि पोरीची नोकरी बंद. मी काय केलं, असं बाहीवालीने विचारून बघितलं. लोक काय म्हणतील, एवढंच आई म्हणाली. त्या घरात तिचं स्वतःचं असं काही नव्हतं. होतं ते मशीन, तेही गेलं.

पण चूल तिच्याच पगारावर पेटत होती. शेवटी आईने दादाला तिच्या जागेवर धाडलं. कारखान्यात ऑर्डर अडलेली, सुपरवायझरबाईंनी बसवून घेतला. बघतो तर काय, कॉलरच्या मशीनवर तो दुसरा! दोन वाघ मान खाली घालून शेजारी शेजारी शिवत बसले.

चार दिवसांत दादा परत आलेल्या शर्टांचं गाठोडं घेऊन घरी आला. उजवी बाही डावीकडे, डावी उजवीकडे.

"जरा दाखव ना, कशी लावायची." लाज नाही की शरम नाही.

तिने गाठोडं पायाने बाजूला सारलं.

"उद्यापासून मी जाते, दादा. तू गेटावर उभा राहा. तुला तेवढंच जमतं."

दादाने आईकडे पाहिलं. सकाळी आईने डबा भरून लेकीच्या हातात दिला.

कारखान्यात कॉलरवाली आधीच येऊन भावाने लावलेल्या कॉलरी उसवत बसली होती. संध्याकाळी दोन्ही भाऊ पुन्हा गेटावर, केस विंचरून. दोघी हातात हात घालून बाहेर पडल्या आणि त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता पुलाकडे चालू लागल्या.