मांडवीची भरती

बाबांनी शेवटचं काही मागितलं असेल तर ते समुद्र बघणं. दुपारी तीनच्या सुमारास पलंगावरून म्हणाले, "मांडवीला जाऊन येऊ या का?" माझ्या हातात पुस्तक होतं. "आत्ता ओहोटी असेल बाबा, नुसती काळी वाळू दिसेल. उद्या जाऊ." ते "बरं" म्हणाले. पहाटे ते गेले.

ओहोटी होती की नाही, हे मी पाहिलंच नव्हतं. पुढचे काही महिने मला तेवढंच हवं होतं: मी त्यांच्याशी खरं बोलले होते का. कुणाला विचारायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

शहरात तेव्हा सायबर कॅफे नवे होते. मी शाळेत शिकवत होते; शाळा सुटली की एकात जाऊन बसे. तिथे काय मिळतं हे कुणी शिकवलं नव्हतं. वाचनालयातल्या कपाटांमधून फिरावं तशी मी हिंडे. पानं पडद्यावर वरून खाली सावकाश उतरत, आणि तेवढ्या वेळात मन कुठेही जाऊन येई. असंच एकदा बंदरांच्या यादीचं पान उघडलं. बंदर निवडायचं, तारीख घालायची, की भरती-ओहोटीच्या वेळा समोर. यादीत आमची रत्नागिरी होती. आधी मी कधी न पाहिलेल्या बंदरांत पाणी चढवलं, उतरवलं. मग मागची तारीख चालते का पाहिलं. चालत होती.

कॅफेचे मालक मागून डोकावले. "मॅडम, समुद्र चालत दहा मिनिटांवर आहे आणि तुम्ही तो इथे शोधताय?"

"इथे कालचाही मिळतो," मी म्हटलं.

बाबांनी विचारलं त्या दिवसाची तारीख घातली. ओहोटी, साडेतीन. मी घरी कशी पोचले, आठवत नाही. वाटेतली माणसं पाण्याखालून चालल्यासारखी दिसत होती.

पण वाचलेलं दुसरीकडे ताडून पाहायची मला सवय. काही दिवसांनी त्याच पानावर चालू दिवसाची वेळ पाहिली, संध्याकाळी सहाला ओहोटी, आणि त्या वेळी मांडवीवर गेले. धक्क्याच्या पायऱ्या निम्म्याहून अधिक पाण्यात होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या पानावरची प्रत्येक चौकट दाबून पाहिली. अगदी खाली एक बारीक चौकट होती, कुठल्या देशाची वेळ हवी ते निवडायची. इतके दिवस मी ग्रिनिचची वेळ वाचत होते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. ती बदलून पुन्हा ती तारीख घातली. पूर्ण भरती, तीनला पाच कमी.

घरी आई कुळीथ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं.

"चतुर्थी होती गो ती," ती सुपातून मान वर न करता म्हणाली. "चतुर्थीला तीनला भरती. त्यांना ठाऊक नसेल होय? मला म्हणाले, तिचं पुस्तक रंगात आलंय, वाचू दे."

"मग तू इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू कुठे विचारलंस?"

मी तिच्याशेजारी बसले आणि खडे वेचू लागले.

पुढच्या चतुर्थीला शाळेतून अर्धी रजा घेतली. आईचा हात धरून मांडवीवर गेले. पाणी भरायला अजून थोडा वेळ होता. आम्ही कठड्यावर बसून राहिलो.