महालक्ष्म्यांसमोरची खुर्ची

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपले आणि आमच्या इंद्रपुरीच्या घरात मला एक खुर्ची मिळाली. गादीची, हॉलमध्ये बरोबर पंख्याखाली. कारखान्यातून निवृत्त झालेल्या माझ्या नवऱ्याचं मत असं, की दुरुस्त होऊन आलेल्या मशीनवर लगेच लोड टाकत नाहीत. साकेत नगरच्या डॉक्टरीणबाईंचं मत नेमकं उलटं. हार्मोनची गोळी पाच वर्षं रोज घ्यायची. त्या गोळीनं सांधे धरतील, अंगातून वाफा निघतील. म्हणून चालायचं, वाकायचं, घरातली कामं करायची. नवऱ्यानं सगळं मान डोलावत ऐकलं आणि घरी येताना माझ्या हातातली पिशवीसुद्धा काढून घेतली.

बसून बसून सकाळी माझी बोटं मिटेनाशी झाली. दोष मी गोळीला दिला. खुर्चीला कसा देणार, ती प्रेमानं आणलेली होती. मनात ठरवलं, एकदा महालक्ष्म्या झाल्या की गोळी बंद. कुणाला सांगायचं नाही. आजार उलटला तर उलटला. भीती वाटत होती, पण तरी ठरवलं.

महालक्ष्म्यांना नागपूरहून धाकटी जाऊ आली. आमच्याकडे देवींना साडी नेसवायचा मान मोठ्या सुनेचा. मी निऱ्या घालायला घेतल्या, तोच तिनं साडी काढून घेतली. “ताई, तुम्ही बसा नं. मी आहे.” दोन्ही साड्या तिनंच नेसवल्या. ज्येष्ठेचा पदर चुकला होता. मी खुर्चीतून बघत बसले. देवी उभ्या आणि मी बसलेली, असा तो सण चालला होता.

संध्याकाळच्या आरतीला हॉल भरला. निरांजनं विझू नयेत म्हणून पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, कापूर पेटवला. नेमकी तेव्हाच आतून वाफ उठली. चेहरा लाल, घामाच्या धारा, हात थरथरायला लागले. केस मानेला चिकटले म्हणून मी मान जोरात हलवली.

शेजारच्या भाभी ओरडल्या, “अरे, भाभीजी को माता आ गईं!”

आरती थांबली. कुणी माझ्या पायांवर हळद-कुंकू वाहिलं, कुणी ओटीत नारळ घातला. जाऊ तर सगळ्यांच्या आधी पाया पडली. आयुष्यभर देवापेक्षा मोजपट्टीवर विश्वास ठेवणारा माझा नवराही हात जोडून उभा राहिला.

“माता, क्या आदेश है?” भाभींनी विचारलं.

खरं सांगून टाकता आलं असतं. पण इतक्या महिन्यांत या घरात मला काय हवं, हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

“पहले पंखा चलाओ,” मी म्हणाले. “और मुझे बिठाकर मत रखो. चलने दो, काम करने दो.”

देवीनं इतकं साधं काही मागावं, याचं भाभींना जरा वाईट वाटलं असावं. पण पंखा लागला, मी उठले आणि आरतीचं ताट माझ्या हातात आलं. ते धरताना बोटं दुखली. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची गॅलरीत गेली. नवऱ्यानं निमूटपणे भाजीची पिशवी माझ्या हातात दिली आणि स्वतः चपला घालून बरोबर निघाला.

बाजारातून आल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. जाऊ कुकर लावत होती. “ताई, माझी पाळी गेली तेव्हा मलाही असंच व्हायचं,” ती म्हणाली. “आमच्याकडे पंखा चालू असायचा, म्हणून देवी नाही आली.”

“मग काल पाया कशाला पडलीस?” मी विचारलं.

“भाऊजी डॉक्टरचं ऐकत नव्हते. मीपण नव्हते ऐकत, बसवूनच ठेवलं तुम्हाला. कोणाचं तरी ऐकायला पाहिजे नं.” तिनं पाण्याचा पेला आणि गोळ्यांची पट्टी माझ्यापुढे ठेवली. “आणि तुम्ही कोणाचं ऐकता, ते सांगा. आल्यापासून बघते, गोळी हातात घेऊन किती वेळ विचार करता.”

मला रडू आलं. ते आवरून मी गोळी गिळली.

“ज्येष्ठेचा पदर चुकलाय तुझा,” मी म्हणाले. “पुढच्या वर्षी मी नेसवणार.”