कापलेली कड

डोमाजींच्या हातात फोटो ठेवला की ते आधी त्यातली माणसं मोजत आणि मग माझ्याकडे संशयानं बघत. "बारा आहेत. पेपरात किती येतीन?"

इतवारीतल्या एका बोळात त्यांचा ब्लॉक करायचा कारखाना होता. आमच्या दैनिकात छापायचा प्रत्येक फोटो तिथल्या मोठ्या कॅमेऱ्यानं लहान होई आणि जस्ताच्या पत्र्यावर उतरे. डोमाजींचा कोणावरच भरवसा नव्हता, माझ्यासारख्या उपसंपादकांवर तर मुळीच नाही. "लहान कितीही करून देतो साहेब. कमी काहून करता?" हे ते रोज ऐकवत.

एकदा उमरेडच्या विणकर सोसायटीचा फोटो एका कॉलमात बसवायचा होता. अख्खा लहान केला तर चेहरे मोहरीएवढे झाले असते. पान अडलं होतं. मी डोमाजींचीच कात्री उचलली आणि कडेचा माणूस कापून टाकला. खाली पडलेली पट्टी त्यांनी मुकाट्यानं उचलली. हा गृहस्थ ती संपादकांना दाखवणार, असं माझ्या मनानं घेतलं. पुढे दोन वर्षं मीही त्यांच्याकडे संशयानंच बघत होतो.

मग एक दिवस उमरेडहून एक बाई कचेरीत आली. नवरा वारला होता आणि त्याचा दुसरा फोटो घरात नव्हता. "पेपरातून सोसायटीत परत आलेला पाह्यला, तर कापलेला. माह्या माणसाले कोणं कापलं?"

"ब्लॉकवाल्यानं कापला असेल," मी म्हणालो.

"मंग मले त्याच्याकडे घेऊन चाला."

जावंच लागलं. तिनं माझं म्हणणं जसंच्या तसं डोमाजींना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तिच्यावरही संशय घेतलाच. "फोटोत तुमच्या मालकाच्या हातात काय होतं, ते सांगा पहिले."

"मागाचा धोटा होता, भाऊ, विणायचा. फोटोवाला म्हणे खाली ठेव, यानं ठेवला नाही."

डोमाजींनी बिस्किटाच्या डब्यातून ती पट्टी काढली. मागे पेन्सिलीनं माझं नाव लिहिलेलं मी वाचलं. त्यांनी खोडरबर घेतलं, नाव पुसलं आणि पट्टी तिच्या हातात दिली. "माफ करजा बाई. कैची माहीच होती."

बाईनं मलाच हात जोडले. मी काही बोलतो का, हे डोमाजी बघत होते. मी बोललो नाही. त्याची लाज अजून जात नाही.

त्यानंतर डोमाजी वारेपर्यंत मी त्यांच्याकडे शेकडो फोटो नेले. ते माणसं मोजत, ब्लॉक करून देत. फक्त मी दारात दिसलो की आधी कात्री खणात ठेवून कुलूप लावत.