एकही पिन न लावता

ओरछा गेटजवळच्या आमच्या घरी ती एकदाच आली. उंच टांगलेल्या कापडाला लटकून नाचणारी मुलगी. दुसऱ्या दिवशी तिची स्पर्धा होती आणि तिला नऊवारी नेसवून घ्यायची होती. मी सवयीने पिनांची डबी उघडली, तर तिने माझं मनगटच धरलं.

"पिन नहीं, आंटी. ऊपर वाला कपड़ा फटा तो मैं नीचे."

पिनेशिवाय नेसणारी आमच्याकडे शेवटची माझी आई. मी तिचंच जुनं लुगडं काढलं आणि तिचे हात आठवत आठवत कासोटा खोचला. पोरगी लगेच भिंतीला पाय टेकवून हातांवर उलटी उभी राहिली. आईचं लुगडं जागचं हललं नाही.

"आपकी मम्मी भी ये सब करती थीं?" तिने तशीच उलटी राहून विचारलं.

आई साध्या स्टुलावर चढायलाही घाबरायची. मी म्हटलं, हो.